तिसऱ्या घोषणेची वाट

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणायचे. तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं 'हं' आणि 'उंहूं' यातच उरकायचं. कपडेपट तिच्याकडे होता. म्हणजे नाटकातले सगळे वेश शिवायचे, उसवायचे, धुवायचे, इस्त्री करायचे, आणि प्रयोग चालू असताना विंगेत उभं राहून आम्हा नटमंडळींना ते चढवायचे. बत्तीस वर्षं तिने हे केलं. एका नाटकात दुसऱ्या अंकात मला राणीची भिकारीण व्हायला चाळीस सेकंद मिळायचे. अंधारात, एका पायावर. दिवे लागले की लोक टाळ्या वाजवायचे, "बाईंनी काय कमाल केली!" कमाल टाचणीची असायची. मी नुसती हात वर करून उभी असायचे.

पण विंगेबाहेर आली की ही बाई भित्री. लिफ्टला घाबरायची, मॅनेजरला घाबरायची, पोस्टात फॉर्म भरायला घाबरायची. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर तशीच घरी यायची आणि मग आम्हाला सांगायची. "अगं, मग मागायचे ना!" म्हटलं की म्हणायची, "बाई, तुम्ही होता का तिथे? मी एकटी होते."

नवरा लवकर गेला. एकच मुलगी. ती आमच्या कपड्यांच्या पेट्यांवर झोपून मोठी झाली. माझ्या मखमली झग्यावर तिने दोनदा दूध ओकलंय, आणि दोन्ही वेळा टाचणी माझ्यासमोर अशी थरथरत उभी राहिली होती की मलाच तिला पाणी द्यावं लागलं. पुढे पोरगी शिकली, लांबच्या शहरात गेली, लग्न केलं. ते टिकलं नाही. चार वर्षांची मुलगी पदरात टाकून नवरा निघून गेला तो गेलाच.

मागच्या वर्षी एका गुरुवारी दुपारी टाचणी माझ्या दारात उभी. घाईत उलटं घातलेलं जाकीट तसंच. कपडेपटवाली बाई कपडे उलटे घालून रस्त्याने येते म्हटल्यावर मी आधी तिला आत ओढून खुर्चीवर बसवलं.

"पोरीच्या डोक्यात गाठ निघालीये," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन. बाई, मला जायला पाहिजे."

प्रकार असा होता. तिथल्या हॉस्पिटलचा नियम असा, की असल्या ऑपरेशनच्या आधी जवळच्या नातेवाइकाची सही पाहिजे, आणि घरी लहान मूल असेल तर ते कोण सांभाळणार हेही लिहून पाहिजे. शेजारीण सोमवारी सकाळपर्यंत नातीला ठेवून घेणार होती, त्यापुढे तिची नोकरी. सकाळी साडेसातपर्यंत घरचं माणूस हजर झालं नाही तर तारीख दुसऱ्याला जाणार. पुढची तारीख सात आठवड्यांनी. आणि डॉक्टरांनी पोरीला स्पष्ट सांगितलं होतं, सात आठवडे थांबायची गाठ नाही ही.

मी तिला हाताला धरून ट्रॅव्हल एजंटकडे नेलं. रविवारचं तिकीट मिळालं. दोन विमानं, मधल्या विमानतळावर बदलायचं, दोन्हींच्या मध्ये एक तास दहा मिनिटं.

"एवढ्यात होईल का रे?" मी विचारलं.

"आजी, आरामात. पहिलं विमान वेळेवर आलं की झालं."

"आणि नाही आलं तर?"

"येतं हो," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता माझा गुन्हा सांगते. टाचणी आयुष्यात विमानात बसली नव्हती. मी तीनदा बसले होते, कंपनीच्या दौऱ्यांवर, तेही मॅनेजर पुढे आणि आम्ही मेंढरांसारखे मागे. पण तिची भीती घालवायची म्हणून मी माझ्या दिवाणखान्यात उभी राहिले आणि तिला विमानतळाचा सगळा प्रवेश करून दाखवला. "अगं, विमानतळ म्हणजे आपलं थिएटरच की! आपल्याकडे तीन घंटा, तिथे तीन घोषणा. पहिलीला हलायचं नाही. दुसरीला पर्स सावरायची. तिसरीला उठायचं. पहिलीला धावतात ते नवखे."

तिचा चेहरा सैलावला. तीन घंटा तिच्या रक्तात होत्या. आमचा जुना मॅनेजर म्हणायचा, तिसऱ्या घंटेआधी जो विंगेत लुडबुडेल त्याला मी खिळ्याला टांगीन. बत्तीस वर्षांत टाचणी एकदाही त्याआधी जागेवरून हलली नव्हती.

रविवारी ती निघाली. पुढचं तिने मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं.

पहिलं विमान पंचवीस मिनिटं उशिरा उतरलं. ती धावली. सामान तपासायच्या रांगेत बूट काढले, कोट काढला, आणि कमानीखालून गेली तर कमान कोकलली. पुन्हा गेली, पुन्हा कोकलली. कारण उघड होतं. आमच्या छोट्या विमानतळावर निघताना नुसतं हाताने चाचपून सोडलं होतं. हिच्या कॉलरमध्ये टाचण्या, बाहीच्या दुमडीत टाचण्या, कमरेच्या पट्ट्यात टाचण्या. तिथली पोलीसबाई एकेक काढून ताटलीत टाकत होती.

"अजून किती आहेत आजी?"

"मलाच माहीत नाही हो," ही म्हणाली, आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

अकरा निघाल्या. त्यात नऊ मिनिटं गेली. तरीही ती गेटवर पोचली तेव्हा विमानाला वीस-बावीस मिनिटं होती. काउंटरसमोरच्या ओळीत तिसऱ्या खुर्चीवर बसली. छातीवर हात ठेवून श्वास घेतला. पोचलो, आता काळजी नाही.

तिच्या हातातल्या कार्डावर सीटचा नंबर नव्हता. तिथे छापलं होतं, 'गेटवर मिळेल'. तिने ते वाचलं आणि तिला ते चांगलंच वाटलं. गेटवर आलोच आहोत, मिळेल.

पहिली घोषणा झाली. ज्यांना सीट मिळालेली नाही त्यांनी काउंटरवर यावं. पाठोपाठ पाच-सहा नावं, त्यात हिचं. आजूबाजूचे तीन-चार जण उठून धावले. हिच्या मनात आलं, नवखे. दुसरी घोषणा झाली, पुन्हा हिचं नाव. हिने बुटाची नाडी बांधली, पिशवी खांद्याला लावली, आणि खुर्चीच्या कडेला सरसावून बसली. तिसरीची वाट बघत.

तिसरी झालीच नाही. काउंटरवरच्या बाईने दाराला कुलूप लावलं. काचेबाहेर विमान हळूच मागे सरकायला लागलं. टाचणी म्हणते, त्या क्षणी तिला वाटलं पडदा उघडलाय, नायिका रंगमंचावर आहे आणि तिचे कपडे आपल्या हातात राहिलेत.

ती काउंटरवर गेली.

"तुमचं नाव दोनदा पुकारलं," काउंटरवाली म्हणाली.

"हो. ऐकलं मी."

"ऐकलं? मग आला का नाहीत?"

"तिसऱ्यांदा पुकाराल म्हणून थांबले."

काउंटरवालीने तिच्याकडे बघितलं, वेड्या माणसाकडे बघतात तसं. मग तिने समजावून सांगितलं. विमानात जागा एकशे ऐंशी. तिकिटं विकलेली एकशे अठ्ठ्याऐंशी, कारण रोज काही लोक येतच नाहीत. आज जवळजवळ सगळे आले. ज्यांच्याकडे नंबर नाही त्यातले जे आधी आले त्यांना जागा दिल्या. ही आली नाही म्हणून यंत्रात हिच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं. आता उद्या दुपारी दोनच्या विमानात जागा आहे. हे हॉटेलचं कुपन, हे जेवणाचं.

"आमच्याकडे एका खुर्चीची दोन तिकिटं विकली असती ना बाई, तर लोकांनी थिएटर पेटवलं असतं," असं ती मला नंतर म्हणाली. तेव्हा मात्र तिने नुसतं 'हं' म्हटलं. कुपनं हातात घेऊन ती बाजूला झाली आणि तिने मला फोन लावला.

"बाई, विमान गेलं. उद्या दुपारी म्हणतायत."

मी पलंगावर बसले ती बसलेच. उद्या दुपारी म्हणजे सगळं संपलेलं. आणि मग तिने सांगितलं, ती का उठली नाही ते. माझ्या कानात माझाच आवाज घुमायला लागला, पहिलीला धावतात ते नवखे. आयुष्यभर मी रंगमंचावर लोकांना मारलं, बुडवलं, विष पाजलं. खरंखुरं कुणाचं वाटोळं करायची वेळ त्या दिवशी आली.

"रड तिथे!" मी ओरडले. "जमिनीवर बस आणि रड! आमचं रडणं एवढी वर्षं बघितलंस ना!"

"खोटं रडता येत नाही मला, बाई. आणि खरं येत नाहीये."

"मग भांड त्यांच्याशी."

"मला कुठे येतं?"

"पोरीला कळवलंस?"

"नाही. ती घाबरेल." मग म्हणाली, "बाई, मी हॉटेलात नाही जाणार. तिथे कोण मला शोधायला येणारे?"

संध्याकाळी सहा चाळीसला आणखी एक विमान होतं. तेही भरलेलं, त्याच गेटवरून, काउंटरवर तीच बाई. वाट बघणाऱ्यांची यादी होती, हिचा नंबर नववा, कारण गैरहजर पडलेल्यांना शेवटी घालतात. ती काउंटरच्या कडेला जाऊन उभी राहिली. काउंटरवाली म्हणाली, "आजी, बसा ना. चार तास आहेत." ही म्हणाली, "नको, इथे बरी आहे." उभं राहणं तिला येत होतं. एवढी एकच गोष्ट तिला तिथे येत होती.

मी इकडे एजंटला फोन केला. त्याचं दुकान रविवारचं बंद. मग मी नुसती खोलीत फेऱ्या मारल्या. दर अर्ध्या तासाने तिचा फोन यायचा. "नववाच आहे." "आठवा झाला." "पुन्हा नववा झाला, एक साहेब मध्ये आला." तिच्या आवाजातला जोर कमी कमी होत चालला होता, आणि त्याने मला जास्त भीती वाटत होती.

सहा वाजता त्या विमानाचीही तीच कथा निघाली. जागांपेक्षा दोन माणसं जास्त. काउंटरवालीने माइकवर विचारलं, कुणी आपण होऊन उद्या जायला तयार आहे का? हॉटेल, जेवण, शिवाय पुढच्या प्रवासाचं फुकट तिकीट. एक तरुण जोडपं लगेच उठलं. हिशोब बरोबर झाला. यादीतल्यांना काहीच मिळालं नाही.

टाचणीला एवढं कळलं, की आता कुणीतरी आणखी उठलं तरच. आणि ते आपल्यालाच विचारावं लागणार. दीडशे माणसं, वेळ पंधरा मिनिटं. सगळ्यांना विचारणं शक्य नव्हतं. एखाद्या-दोघांना विचारता येईल. कुणाला?

तिने कपडे बघितले. दुसरं काय बघणार?

पहिला माणूस तिने निवडला तो चुरगळलेल्या सुटातला. टाय सैल, विजारीची घडी मोडलेली. हिने ताडलं, कामं उरकलीत, घरी निघालाय, एक दिवस इकडे-तिकडे चालेल. ती जवळ गेली, तशीच परत फिरली, पुन्हा गेली.

"दादा, तुम्हाला उद्या गेलात तर चालेल का? माझी मुलगी हॉस्पिटलात आहे."

त्याने वर बघितलं. डोळे लाल. "वडील गेले माझे," तो म्हणाला. "सकाळी न्यायचेत. दोन दिवस हेच कपडे अंगावर आहेत."

ही दोन पावलं मागे सरली. "माफ करा हो," म्हणाली, आणि तिला तिथून पळून जावंसं वाटलं. बत्तीस वर्षांचा धंदा आणि दुखवट्याचे कपडे ओळखता आले नाहीत! घड्याळात सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. लोक रांगेत उभे राहायला लागले होते.

रांगेत न गेलेला एक माणूस कोपऱ्यात बसला होता. पोट सुटलेला, पन्नाशीचा. पायात घरातल्या सपाता, बूट पिशवीत नीट घालून ठेवलेले, शर्टाची वरची दोन बटणं सोडलेली. ज्याला पोचायची घाई असते तो बूट काढत नाही. ती त्याच्यासमोर उभी राहिली. यावेळी तिने आधी हॉस्पिटलचा कागद पुढे केला आणि मग बोलली. काय बोलली ते तिला आठवत नाही.

त्याने कागद दोनदा वाचला.

"ताई, मी यंत्रांचे सुटे भाग विकतो. महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. आणि आज घरी मेहुण्याची सगळी फौज उतरलीये. मला सोफ्यावर झोपायचंय." तो उठला. "बायको उद्या बोलेल. परवा विसरेल. चला."

काउंटरवर तो म्हणाला, "माझी जागा या आजींना द्या."

"तुम्ही जागा सोडू शकता," काउंटरवाली म्हणाली, "पण ती यादीतल्या पहिल्याला जाईल. या नवव्या आहेत."

"मग मी सोडत नाही."

"साहेब, अशी अट घालता येत नाही. सोडा किंवा बसा."

त्याने टाचणीकडे बघितलं. मागे दार उघडलं होतं आणि रांग आत सरकत होती. टाचणी म्हणते, तेव्हा डोळ्यांसमोर नुसती पोरगी होती. पोरगी डोक्यावरचे केस काढून बसली असेल. उद्या साडेसातला दाराकडे बघत असेल.

"ताई, मी दुपारी गैरहजर नव्हते," ती काउंटरवालीला म्हणाली. आवाज एवढासा. "तुमच्या समोर बसले होते. तिसऱ्या खुर्चीवर."

"आजी, आता ते..."

"तुमच्या गळ्यात निळा रुमाल होता. त्याला एका बाजूने दुमड घातलेली, हाताने शिवलेली, टाके मोठे. पहिली घोषणा झाल्यावर त्यावर कॉफी सांडली तुमच्याकडून. तुम्ही तो काढून खालच्या खणात टाकलात आणि दुसरी घोषणा बिनरुमालाची केलीत. मी गैरहजर असते तर मला कसं दिसलं असतं?"

काउंटरवालीचा हात गळ्याकडे गेला.

"मी पाहिलं होतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "वाटलं, पुढच्या कुठल्यातरी विमानाच्या असाल. दार लावताना एकदा विचारायला हवं होतं. नाही विचारलं." मग तिने फोन उचलला आणि वरच्या साहेबाला सांगितलं, "दुपारची एक प्रवासी गेटवर हजर होती. नोंद माझी चुकली. हजर असून जागा न मिळालेल्यांत घालतेय." पलीकडून काहीतरी आवाज चढला. "हो साहेब, माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली.

हजर असून ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचा नंबर यादीत सगळ्यात वर असतो. नववी होती ती पहिली झाली. सपातावाल्याने आपलं कार्ड काउंटरवर ठेवलं.

तोवर यादीत पहिली असलेली एक चष्मेवाली बाई पिशवी उचलून उठली होती. तिला कळलं तशी ती पुन्हा खाली बसली. टाचणीला अजून तिचा चेहरा दिसतो. "तिला कुठे पोचायचं होतं, मी विचारलंच नाही हो बाई," असं ती दर वेळी म्हणते.

मला तिचा एकच फोन आला, "दारात आहे, जाते," आणि बंद. पुढे काय, मला काहीच कळेना. सोमवारी सकाळी साडेसात झाले, आठ झाले, नऊ झाले. फोन नाही. मी देव आठवले, मग मॅनेजर आठवला, मग त्या एजंटला शिव्या दिल्या. शिव्यांनंतर पुन्हा देव.

विमान मध्यरात्री उतरलं, आणि पहाटेच्या पहिल्या बसने टाचणी सात वाजता हॉस्पिटलात पोचली होती. सही तिने भलत्याच रकान्यात केली, मग नर्सने दुसरा कागद आणला. नात हिला ओळखेना, शेजारणीच्या पायामागे लपली. पोरगी मात्र अर्धा तास आईच्या गळ्यात पडून होती, ऑपरेशनला न्यायची ढकलगाडी येईपर्यंत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी माझा फोन वाजला तो दुपारी चारला, आणि तो उचलायला मला धीर होईना. सातव्या घंटीला उचलला.

"बाई, शुद्धीवर आली," टाचणी म्हणाली. "गाठ निघाली म्हणतात. पण सकाळचं काहीच तिला आठवत नाहीये. मी आलेली, गळ्यात पडलेली, सगळं पुसलंय. डॉक्टर म्हणतात येईल परत, एखादवेळेस नाहीही येणार. मला बघून म्हणाली, आई, तू कधी आलीस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, ही काय, आत्ताच आले."